वाचकांचे प्रश्न : कप्तानाचा अल्पवयीन जावई

प्रश्न : स. न. वि. वि. माझे वडील फोर्टमधील एका सॉलिसिटरांच्या पेढीत कारकून होते. पेढी बंद झाली तेव्हा रद्दीत निघालेले काही कागद त्यांनी घरी आणून ठेवले. त्यांत १७८८ साली मुंबईत केलेल्या एका इंग्रजी मृत्युपत्राची हस्तलिखित नक्कल आहे. मृत्युपत्र करणारा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतील कप्तान असून तो स्वतःला वेल्समधील डेन्बीशायर परगण्यातल्या एका घराण्याचा म्हणवतो आणि नावापुढे ‘एस्क्वायर’ लिहितो. निवृत्तीनंतर मी या घराण्याचा कुलवृत्तांत जुळवायला घेतला, वंशवृक्षही काढला. पण तो दोन ठिकाणी अडला आहे. पहिली अडचण अशी की, कप्तानाने धाकट्या भावाला तीनशे पौंड, अविवाहित आत्याला शोकाची, म्हणजे मृताच्या आठवणीसाठी घालायची, अंगठी आणि एका ‘कझिन’ला घोडा ठेवला, मात्र वडिलांच्या घरात राहणाऱ्या थोरल्या भावाला एक पैसुद्धा ठेवली नाही. दुसरी अडचण अशी की, ‘जावया’ला त्याने घड्याळ आणि ‘तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत’ शिक्षणाचा खर्च ठेवला आहे. कप्तानाच्या लग्नाचा करारनामा १७८५ चा असल्याचे त्याच कागदात नमूद आहे. तीन वर्षांच्या संसारात जावई कोठून आला? यात काही लपवाछपवी असावी काय? ता. क. : सहीशेजारी एक वर्तुळ काढून त्यात ‘एल. एस.’ अशी दोन अक्षरे लिहिली आहेत, त्यांचा अर्थही कळवावा.
— एक निवृत्त शिक्षक, गिरगाव

उत्तर : लपवाछपवी मुळीच नाही. आपण वंशवृक्ष मराठीत काढलात आणि ‘सन-इन-लॉ’ या शब्दासमोर ‘जावई’ लिहिलेत, एवढेच झाले आहे. अठराव्या शतकातील इंग्रजीत हा शब्द जावयाला लावत, तसाच सावत्र मुलालाही लावत, कारण दोन्ही नाती लग्नामुळे, म्हणजे कायद्याने, जुळलेली असतात. कप्तानाने बहुधा पदरी मूल असलेल्या एका विधवेशी लग्न केले असावे. मुंबईत ही गोष्ट नवलाची नव्हती. येथे माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हण सतराव्या शतकाच्या अखेरीसच इंग्रजांत रूढ झाली होती, आणि ज्या गावात नवरे इतक्या लवकर मरत तेथे पुनर्विवाहही लवकर होत. लग्नाच्या करारनाम्यात वधूच्या पहिल्या पतीचे नाव असण्याचा संभव आहे; ते सापडले तर ‘जावया’चे आडनाव त्याच्याशी ताडून पाहावे.

अशा कामात मराठी माणसाला त्याची नात्यांच्या शब्दांची श्रीमंतीच आडवी येते. आपल्याकडे पुतण्या वेगळा आणि भाचा वेगळा. दीर, मेहुणा, साडू, व्याही यांची कोणी गल्लत करीत नाही. जुन्या इंग्रजी मृत्युपत्रांत ‘ब्रदर’ म्हणजे सख्खा भाऊ असेल, मेहुणा असेल किंवा बहिणीचा नवराही असेल. ‘नेव्ह्यू’ हा शब्द, विशेषतः सतराव्या शतकापर्यंत, नातवासाठीही येतो. ‘कझिन’चा पसारा तर इतका मोठा की पुतण्यापासून पाच पिढ्यांपूर्वी फुटलेल्या शाखेतल्या माणसापर्यंत सगळे त्यात मावतात. म्हणून माझी विनंती अशी की, वंशवृक्षात या लोकांची नाती तूर्त मराठीत लिहू नयेत. मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवावा, पुढे प्रश्नचिन्ह करावे आणि दुसऱ्या स्वतंत्र कागदाचा पुरावा मिळाल्यावरच ‘चुलतभाऊ’ किंवा ‘भाचा’ असे ठरवावे. घोडा मिळालेल्या ‘कझिन’ला आपण चुलतभाऊ करून वृक्षात बसवला असेल, तर त्याला खाली उतरवावे.

आता थोरल्या भावाविषयी. वाचक येथे हटकून भाऊबंदकी पाहतात. पण मृत्युपत्रातील मौनाचा अर्थ राग असा क्वचितच असतो. वेल्सच्या जुन्या रिवाजाप्रमाणे बापाची जमीन मुलगे वाटून घेत. आठव्या हेन्रीच्या काळात १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली आले, वाटणीचा रिवाज रद्द झाला आणि जमीन थोरल्याकडे जाऊ लागली. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदार घराणी थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वेळीच करारनामा करून मिळकत बांधून टाकू लागली. हयात मालकाने तिचे उत्पन्न खायचे, विकायची नाही आणि मागे जन्मणाऱ्या नातवाकडे ती जशीच्या तशी पोहोचवायची, अशी ती व्यवस्था होती. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही, असे जुना हिंदू कायदा म्हणे. त्याच्याशी हिचे काहीसे साम्य आहे, वाटणी मागण्याचा हक्क मात्र तिच्यात नाही. त्यामुळे घराण्यातील सर्वांत मोठी गोष्ट, म्हणजे वाडा आणि जमीन, मृत्युपत्रात बहुधा येतच नाही. येते ते उरलेले जंगम. थोरल्या भावाला जे मिळायचे होते ते कप्तान मुंबईला येण्यापूर्वीच मिळून चुकले होते. उलट, कप्तानाच्या तीनशे पौंडांचे मूळच त्या करारनाम्यात असण्याची शक्यता आहे, कारण धाकट्या मुलांच्या वाट्याची रक्कम याच मिळकतीवर बोजा म्हणून चढवीत, आणि तेवढ्यावर घर चालत नसल्यामुळेच धाकटे मुलगे कंपनीच्या नोकरीत येत.

मौनाचे आणखी एक कारण, आपण या घराण्यात मागे गेलात तर भेटेल. १६९६ च्या कायद्यापूर्वी वेल्समध्ये पुरुषाला आपले सगळे जंगमही मृत्युपत्राने देता येत नसे. बायको आणि मुले मागे असली तर एक तृतीयांश बायकोचा, एक तृतीयांश मुलांचा आणि राहिलेला तिसरा भागच त्याच्या मर्जीचा. त्यामुळे १६५० च्या सुमाराच्या मृत्युपत्रात पत्नीचे नाव दिसले नाही म्हणून ती आधी वारली असे लिहू नये. रिवाजाने मिळणारा हिस्सा तिला सांगून देण्याची गरज नव्हती. कोठे कोठे मुलाला किंवा मुलीला फक्त एक शिलिंग ठेवलेला आढळतो. त्यावरून कादंबऱ्या रचल्या जातात. पण पुष्कळदा ती मुलगी हुंडा घेऊन केव्हाच सासरी गेलेली असते, आणि ‘मी तिला विसरलो नव्हतो’ एवढे कागदावर राहावे म्हणून तो शिलिंग असतो.

या सगळ्यात माझे लक्ष वेधले ते अंगठीवाल्या आत्याने. आपण थोरल्या भावाच्या मृत्युपत्राच्या शोधात आहात असे पत्रावरून दिसते. त्याआधी आत्याचे शोधावे. घराणे जुळवताना सर्वांत उपयोगी मृत्युपत्रे अविवाहित स्त्रियांची आणि निपुत्रिक विधवांची असतात, असा माझा अनुभव आहे. वाड्याच्या मालकाला एका वारसाचीच चिंता असते. आत्याला मात्र सरळ वारस नसतो. तिच्याकडे रोख रक्कम, चांदीचे चमचे, रेशमी झगे आणि पिसांच्या गाद्या असतात, आणि ती त्या भावाच्या मुलांना, बहिणीच्या मुलींना, त्यांच्या सासरच्या नावांसह, कोणाला काय ते सांगून वाटते. एका आत्याच्या दोन पानांवरून तीन शाखा जुळू शकतात. विवाहित स्त्रीला मात्र १८८२ च्या कायद्यापर्यंत पतीच्या संमतीवाचून सहसा मृत्युपत्र करता येत नसे. म्हणून बायकांची मृत्युपत्रे मुख्यतः कुमारिकांची आणि विधवांची मिळतात.

हे सारे कोठे पाहायचे? १२ जानेवारी १८५८ पूर्वी इंग्लंड-वेल्समध्ये प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे ठरवून मंजूर करणे, हे धर्मपीठांच्या न्यायालयांचे काम होते. वेल्समध्ये सेंट असाफ, बँगर, सेंट डेव्हिड्स आणि लँडाफ असे चार धर्मप्रांत, म्हणजे एकेका बिशपच्या अखत्यारीतील प्रदेश, होते, आणि त्यांच्या न्यायालयांतील मृत्युपत्रे आज अॅबरिस्टविथ येथील नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये आहेत. एक लाख नव्वद हजारांहून अधिक मृत्युपत्रांच्या प्रतिमा या ग्रंथालयाने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या आहेत. गिरगावातून बोट न हलवता, किंवा खरे तर एकच बोट हलवून, त्या पाहता येतात. तेथे एक चूक टाळावी. परगणा म्हणजे धर्मप्रांत नव्हे. डेन्बीशायरचा मोठा भाग सेंट असाफमध्ये येत असला, तरी त्याच परगण्यातील रुथिनच्या आसपासचे क्लुइड खोरे बँगरच्या धर्मप्रांताचे, म्हणजे बेटासारखे तुटून पडलेले होते. सेंट असाफमध्ये घराणे मिळाले नाही तर ते नव्हतेच असे समजू नये, बँगरमध्ये पाहावे. बँगरची १६३५ पूर्वीची मृत्युपत्रे मात्र फारशी उरलेली नाहीत.

जमीनदार घराण्यांच्या बाबतीत तर बँगर आणि सेंट असाफ दोन्ही सोडून पुष्कळदा लंडनलाच जावे लागते. एकाहून अधिक धर्मप्रांतांत पाच पौंडांच्या वर जंगम मिळकत असली की प्रकरण कँटरबरीच्या आर्चबिशपच्या वरिष्ठ न्यायालयात जाई, आणि पाच पौंडांची मर्यादा ओलांडणे अशा घराण्याला अवघड नव्हते. काहींना तेथील प्रोबेट प्रतिष्ठेचेही वाटे. या न्यायालयाच्या १३८४ ते १८५८ पर्यंतच्या नोंदवह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्याही संगणकावर पाहता येतात. परदेशात मरण पावलेल्या आणि मायदेशी काही मिळकत असलेल्या माणसाचे मृत्युपत्रही याच न्यायालयाकडे येई, म्हणून आपल्या कप्तानाची दुसरी नक्कल तेथे असण्याची दाट शक्यता आहे. शोध १७८८ वर थांबवू नये. मुंबईचा कागद जहाजाने लंडनला पोहोचायलाच सहा महिने आणि कधी अधिक लागत, त्यानंतर मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा कारभारी हजर व्हायचा. तेव्हा पुढची सात-आठ वर्षे तरी चाळावीत. १६५३ ते १६६० या काळात धर्मपीठांची न्यायालयेच बंद होती आणि संपूर्ण वेल्सचे प्रोबेट लंडनला होत असे, हेही मागे जाताना ध्यानात असू द्यावे.

मुंबईतील बाजूही सोडू नये. १७२६ च्या सनदेने स्थापन झालेले मेयरचे कोर्ट १७९८ मध्ये रेकॉर्डरचे कोर्ट येईपर्यंत येथील युरोपियनांच्या मृत्युपत्रांचे काम पाहत असे. त्याचे जुने दप्तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात चौकशी करून पाहावे. कंपनीच्या नोकरांच्या मृत्युपत्रांच्या नकला लंडनलाही पाठवीत. त्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि त्याच दप्तरात मृत अधिकाऱ्यांच्या सामानाच्या याद्या आणि मिळकतीचे हिशेबही मिळतात. आपल्या कप्तानाची यादी मिळाली तर ते घड्याळ खरोखरच सावत्र मुलासाठी बाजूला ठेवले की सामानाबरोबर विकले गेले, तेही कळू शकेल. जाता येता सेंट थॉमस कॅथीड्रलच्या भिंतींवरील स्मृतिशिला वाचाव्यात. अशा शिलांवर परगण्याचे किंवा वडिलांचे नाव क्वचित कोरलेले असते, आणि मृत्युपत्रात नेमके तेच नसते.

प्रश्न : मी वेल्समधील एका घराण्याविषयीच्या इंग्रजी लेखाचा अनुवाद करीत आहे. त्यात एकाच घराण्यातील आजोबा, मुलगा आणि नातू यांची आडनावे वेगवेगळी आहेत आणि पत्नीचे नाव पतीच्या नावाशी जुळत नाही. ही छपाईची चूक समजावी काय? — एक अनुवादक, मुलुंड

उत्तर : चूक नाही. वेल्समध्ये मुळात आडनावच नव्हते. मुलाच्या नावापुढे ‘आप’, म्हणजे ‘चा मुलगा’, आणि त्यापुढे बापाचे नाव लावीत. मुलीसाठी ‘फेर्ख’ हा शब्द होता. स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव लिहिणाऱ्या मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की आपल्या तिसऱ्या खणात आडनाव असते आणि त्यांच्या तिसऱ्या खणात आजोबा, चौथ्यात पणजोबा. बाराव्या शतकाच्या अखेरीस वेल्सभर फिरलेला जेराल्ड हा धर्मोपदेशक लिहून गेला आहे की, येथील सामान्य माणसालाही सहा-सात पिढ्यांची वंशावळ पाठ असते. आपल्या तीर्थोपाध्यायांना त्यासाठी वह्या लागतात.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत आधी जमीनदार घराण्यांनी आणि मग हळूहळू इतरांनी इंग्रजी पद्धतीचे स्थिर आडनाव घेतले. ‘आप रीस’चे प्राइस झाले, ‘आप हॉवेल’चे पॉवेल, ‘आप ह्यू’चे प्यू, ‘आब ओवेन’चे बोवेन, ‘आब इव्हान’चे बेव्हन. स्थित्यंतराच्या पिढीत एकाच मृत्युपत्रात बाप ‘आप’ लावतो आणि मुलगा आडनाव. कधी दोन सख्खे भाऊ दोन वेगळी आडनावे घेतात. पत्नी तर लग्नानंतरही बापाचेच नाव चालवी. म्हणून जुन्या वेल्श मृत्युपत्रात ‘माझी पत्नी मार्गरेट फेर्ख डेव्हिड’ असे आले, तर डेव्हिड हे तिच्या वडिलांचे नाव समजावे. संशोधकाला ही पद्धत वरदानच आहे, कारण इंग्लंडमधील मृत्युपत्रांत पत्नीचे माहेर शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो आणि येथे ते आयते मिळते. अनुवादात मात्र तिला पतीचे आडनाव चिकटवू नये.

आडनावे अशी मोजक्या नावांतून निघाल्यामुळे जोन्स, विल्यम्स आणि डेव्हिस इतके झाले की घराणे ओळखावे लागते ते वाड्याच्या नावाने. ‘प्लास’ या वेल्श शब्दाचा अर्थच वाडा असा आहे, आणि मृत्युपत्राच्या पहिल्या ओळीत माणसाच्या नावानंतर ‘अमुक प्लासचा’ असे येते. वंशवृक्ष जुळवणाऱ्याने आडनावापेक्षा त्या शब्दावर अधिक विसंबावे. आडनाव तर मृत्युपत्रानेच बदलल्याचीही उदाहरणे आहेत. प्लासीच्या लढाईतील क्लाइव्हच्या मुलाने १७८४ मध्ये वेल्समधील पॉविसच्या हर्बर्ट घराण्यातील मुलीशी लग्न केले. तिचा भाऊ निपुत्रिक वारला आणि मिळकत भाच्याकडे आली, ती मामाच्या मृत्युपत्रातील अटीसह. त्याप्रमाणे १८०७ मध्ये हा क्लाइव्हचा नातू क्लाइव्ह हे नाव टाकून हर्बर्ट झाला. दत्तकविधान न होता दत्तकाचे नाव लागावे, तसा हा प्रकार. हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तूंचा क्लाइव्ह कुटुंबाचा मोठा संग्रह आज पॉविसच्या किल्ल्यात आहे तो याच सोयरिकीमुळे.

प्रश्न : मृत्युपत्र २० नोव्हेंबर १७०२ चे आणि प्रोबेट १० फेब्रुवारी १७०२ चे, असे शक्य आहे काय? शिवाय अक्षर अजिबात लागत नाही. — एक वाचक, दादर

उत्तर : शक्य आहे. १७५१ पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. नोव्हेंबरनंतर आलेला तो फेब्रुवारी त्यांच्या हिशेबी १७०२ चाच. आपल्या हिशेबी १७०३ चा. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्च या काळातील जुन्या तारखांना दोन्ही वर्षे लिहिण्याचा प्रघात आहे. मी एकदा ही काळजी न घेतल्यामुळे एका मुलीला तिच्या आईवडिलांच्या लग्नाआधी दहा महिने जन्माला घातले होते आणि ते छापूनही आले होते.

अक्षराविषयी एवढेच सांगतो की, सोळाव्या-सतराव्या शतकांतील कारकुनी वळण म्हणजे इंग्रजीची मोडी आहे. मोडी शिकणारा जसा सुरुवातीला ठरावीक मायन्याची पत्रे वाचतो, तसे येथेही मृत्युपत्राच्या ठरावीक प्रारंभापासून सुरुवात करावी: देवाचे नाव, शरीर आजारी असले तरी बुद्धी शाबूत असल्याची ग्वाही, आत्मा देवाला आणि देह अमुक चर्चच्या भूमीला. तो मजकूर पाठ झाला की कारकुनाची अक्षरे ओळखीची होतात आणि पुढची नावे सुटतात. आकडे बहुधा रोमन असतात आणि शेवटच्या ‘आय’ला शेपूट जोडून ‘जे’ केलेला असतो. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, हा हिशेब रुपये-आणे-पैचा काळ पाहिलेल्यांना जड जाऊ नये. मृत्युपत्राचा मजकूर वेल्श भाषिक मुलखातही बहुतेक इंग्रजीतच असतो. १७३३ पर्यंत खालचा प्रोबेटचा शेरा तेवढा लॅटिनमध्ये मिळेल.

गिरगावच्या शिक्षकांचा ताजा कलम राहिला. वर्तुळातील ‘एल. एस.’ ही ‘मोहोरेची जागा’ या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. मूळ कागदावर तेथे लाखेची मोहोर होती, आणि नक्कल करणाऱ्याने तिचे चित्र न काढता जागा दाखवली. मोहोरेवर घराण्याचे चिन्ह असते म्हणून ती पाहण्याची उत्सुकता स्वाभाविक आहे. परंतु क्यू येथील नोंदवहीतही नक्कलच असते, त्यामुळे तेथे मोहोर दिसणार नाही. मूळ कागद कोठे मिळालाच, तर साक्षीदारांच्या सह्यांशेजारीही मोहोरा असल्यास त्या आधी पाहाव्यात. सगळ्यांवर एकच चिन्ह असेल, तर ती मोहोर कप्तानाची नसून मृत्युपत्र लिहून देणाऱ्या वकिलाच्या मेजावरचीही असू शकेल.